लहान कॉमिक्स प्रकाशक बुडतो तो वाचक नसल्यामुळे की माल अडकल्यामुळे?

चर्चाप्रस्ताव : वाचनवेल्हाळ

अमेरिकेतील कॉमिक्सच्या दुकानांना अनेक दशके माल पुरवणाऱ्या डायमंड या वितरण कंपनीने जानेवारी २०२५मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मोठ्या प्रकाशकांनी तिची साथ आधीच सोडली होती. डीसी २०२०मध्ये बाहेर पडली आणि पुढच्याच वर्षी मार्व्हल. मागे उरले ते मुख्यतः लहान प्रकाशक. त्यांची पुस्तके मिसिसिपी राज्यातील ऑलिव्ह ब्रांच येथील गोदामात 'विकले की पैसे' या बोलीवर ठेवलेली होती आणि विकली जाईपर्यंत ती आपल्याच मालकीची आहेत, असे ते धरून चालले होते. प्रत्यक्षात दिवाळखोरीच्या कामकाजात हाच साठा विकून देणी भागवण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली गेली आणि स्वतःच्याच पुस्तकांसाठी प्रकाशकांना वकील उभे करावे लागले.

माझे म्हणणे असे की लहान प्रकाशक वाचकांअभावी क्वचितच बुडतो. त्याचे पैसे आणि त्याचा साठा एकाच वितरकाकडे अडकतो, म्हणून तो बुडतो. पुस्तकाला मागणी असूनही पुढचा अंक छापायला हातात रोकड नसते. मराठीतील लहान प्रकाशकांनाही ही स्थिती नवी नाही, म्हणून हा विषय येथे मांडावासा वाटला.

प्रतिसाद : छापखानेवाला

आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. ज्या व्यवस्थेला आपण दोष देत आहात, तिच्यामुळेच लहान प्रकाशक जन्माला आले. १९७३च्या सुमारास कॉमिक्स विक्रेते फिल स्यूलिंग यांनी दुकानांना थेट माल देण्याची पद्धत सुरू केली, त्यापूर्वी कॉमिक्स वृत्तपत्रांच्या स्टॉलवर विकली जात आणि न विकलेल्या प्रतींचा भुर्दंड प्रकाशकावर पडे. नव्या पद्धतीत दुकानदाराने माल परत न करण्याच्या अटीवर जास्त सवलत घेतली आणि प्रकाशकाला छपाईपूर्वीच मागणीचा आकडा मिळू लागला. ईस्टमन आणि लेअर्ड या दोन तरुणांनी १९८४मध्ये उसनवारी करून 'टीनेज म्यूटंट निन्जा टर्टल्स' या निन्जा कासवांच्या कॉमिक्सच्या पहिल्या अंकाच्या जेमतेम तीन हजार प्रती छापल्या. स्टॉलच्या जमान्यात त्यांना कोणी दारातही उभे केले नसते.

एकाच वितरकाकडून एकच यादी, एकच खोके, एकच बिल, ही सोय दूरच्या गावातील दुकानदाराला मोलाची होती. आज त्याला तीन-चार वितरकांकडे वेगवेगळी खाती ठेवावी लागतात आणि प्रत्येक ठिकाणी वाहतूकखर्च सोसावा लागतो. हात आखडता घ्यायची वेळ येते तेव्हा त्याच्या यादीतून पहिले नाव लहान प्रकाशकाचेच उडते.

प्रतिसाद : वाचनवेल्हाळ

इतिहास आपण नेमका सांगितलात, परंतु तो १९९०च्या दशकाच्या मध्यावर थांबतो. त्यानंतर स्पर्धक वितरक संपले आणि डायमंडची जवळपास मक्तेदारी झाली. २००९मध्ये याच कंपनीने, दुकानदार ज्यातून मागणी नोंदवतात त्या आपल्या यादीत टिकण्यासाठी लागणारी किमान मागणी १,५०० डॉलरवरून २,५०० डॉलरवर नेली. अंकाची किंमत ३.९९ डॉलर आणि त्यातील ४० टक्के प्रकाशकाच्या हाती येतात असे धरले, तर या अटीसाठी जवळपास १,५७० प्रतींची मागणी यावी लागते. हजारभर प्रती खपवणारा, तेवढ्यावर कसाबसा तग धरणारा प्रकाशक त्या एका निर्णयाने दुकानांबाहेर गेला. दार उघडणारा आणि दार लावणारा एकच असेल, तर त्याला सोय म्हणणे मला पटत नाही.

प्रतिसाद : ओहायोकर

आपण दोघेही वितरकावर अडकला आहात. मूळ दुखणे ३२ पानांच्या सुट्या अंकात आहे. दुकानदाराला मागणी साधारण दोन महिने आधी नोंदवावी लागत असे, त्यामुळे पहिला अंक फळीवर येण्यापूर्वीच दुसऱ्याची आणि बहुधा तिसऱ्याचीही नोंदणी होऊन जाई. पहिला अंक वाचकाला आवडला की नाही हे कळण्याआधीच दुकानदार सावधगिरी म्हणून दुसऱ्या अंकाची मागणी घटवतो आणि तिसऱ्याची आणखी. पुढे पहिला अंक हातोहात संपला तरी परत न करण्याच्या अटीमुळे जोखीम त्याचीच असते, त्यामुळे तो आकडा वाढवायला धजत नाही. चौथ्या अंकापर्यंत प्रकाशकाची छपाईसुद्धा निघत नाही. यात कोणाची लबाडी नाही, पण चांगली मालिका अशीच मरते.

यातून वाट काढणारे उदाहरण आमच्याच ओहायो राज्यातील आहे. कोलंबसच्या जेफ स्मिथ यांनी १९९१मध्ये 'बोन' ही कॉमिक्समालिका स्वतः छापायला सुरुवात केली. त्यांच्या पत्नी विजया अय्यर यांनी सिलिकॉन व्हॅलीतील नोकरी सोडून प्रकाशनाची व्यावसायिक बाजू हाती घेतली, हे मला त्या यशातले सर्वांत दुर्लक्षित कारण वाटते, कारण चित्रकाराने हिशेबही सांभाळायचे ठरवले की बहुतेक वेळा दोन्ही कामे अर्धवट राहतात. जुने अंक संपू न देता त्यांनी ते १९९३पासून पुस्तकरूपात उपलब्ध ठेवले. २००४मध्ये ५५व्या अंकाला कथा पूर्ण झाली, तेराशेहून अधिक पानांचे एकत्रित पुस्तक निघाले आणि २००५पासून स्कॉलॅस्टिक या बालपुस्तकांच्या मोठ्या प्रकाशकाने रंगीत आवृत्त्या शाळकरी वाचकांपर्यंत नेल्या. सुटा अंक काही आठवड्यांत शिळा होतो, पुस्तक मात्र वर्षानुवर्षे विकता येते.

प्रतिसाद : छापखानेवाला

'बोन'चे उदाहरण देताना तेरा वर्षे हा काळ नजरेआड होतो. त्या तेरा वर्षांत घर कशावर चालले? सुट्या अंकांवरच. दीडशे पानांचे पुस्तक थेट काढायचे तर चित्रकाराने वर्षभर बिनपैशाने काम करायचे आणि छपाईचे सगळे पैसे एकरकमी ओतायचे. हे कोणाला परवडते, तर ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे त्याला.

वाचकांकडून आगाऊ पैसे गोळा करण्याचा मार्ग आज आहे, आणि तो आपल्याकडच्या प्रकाशनपूर्व सवलतीपेक्षा फार वेगळा नाही. त्याने छपाई सुटते हे मान्य. पण असे पुस्तक ओळखीच्या वाचकांच्या वर्तुळातच फिरते. दुकानात सहज चाळणारा, नाव कधीही न ऐकलेला वाचक त्यातून मिळत नाही. शिवाय परदेशी पाठवायचे झाल्यास टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला गाठतो.

प्रतिसाद : वाचनवेल्हाळ

टपालखर्चाचा मुद्दा मान्य. ओहायोकरांचे पुस्तकाविषयीचे म्हणणेही बरोबर आहे, मात्र त्यात एक धोका आहे. साठा जितका टिकाऊ, तितका तो जास्त काळ दुसऱ्याच्या गोदामात पडून राहतो, आणि अडकला तो असाच साठा.

म्हणून मला दोन गोष्टी अत्यावश्यक वाटतात. गोदामात ठेवलेल्या मालावर आपला हक्क आहे, याची नोंद अमेरिकेत राज्य सरकारच्या दप्तरी करता येते. ती केलेली नसेल तर कर्ज देणारी बँक आधी हक्क सांगू शकते. ही नोंद करार होतानाच, माल पाठवण्यापूर्वी व्हायला हवी. दुसरे म्हणजे, छापलेल्या प्रतींपैकी निम्म्याहून अधिक प्रती कोणत्याही एका वितरकाकडे ठेवू नयेत, मग त्यासाठी घरातली एक खोली अडली तरी चालेल. छापखानेवाल्यांनी मराठी वितरकांशी होणाऱ्या करारांत मालकीचे कलम कसे लिहिले जाते, की मुळीच लिहिले जात नाही, हे अनुभवातून सांगितले तर चर्चा पुढे नेता येईल.