हमिंगबर्ड तुमच्या अंगणात येतात का? अनुभव लिहा

न्यू जर्सीत घर घेऊन तीन वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात हौसेनं लाल फीडर आणून डेकवर टांगला, आणि अख्खा सीझन मुंग्या सोडल्या तर त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. शेजारीण म्हणते तिच्याकडे रोज येतात. नवरा म्हणतो, परत कर तो फीडर. ज्यांच्याकडे येतात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, फीडर, झाडं, फजिती, सगळं चालेल.

*

टांगला कधी ते लिहिलं नाहीत. मी पेनसिल्व्हेनियात, आमचा नियम सोपा आहे, एप्रिलच्या मध्यात इथला टॅक्स भरला की फीडर बाहेर. आपल्या भागात येतो तो रूबी-थ्रोटेड, एप्रिलच्या शेवटी आधी नर येतात, माद्या मागून. जूनमध्ये फीडर लावलात तर त्यांची घरं लागून गेलेली असतात हो.

पाणी म्हणाल तर एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बस. लाल रंग घालायची गरज नाही, फीडर लाल आहे ना, तेवढं पुरतं. पहिल्या वर्षी सासूबाई सांगलीहून आलेल्या, त्यांना पांढरी साखर पक्ष्याला देणं पटेना, मी ऑफिसला गेल्यावर त्यांनी गुळाचं पाणी करून भरलं. दोन दिवसांत त्याला आंबूस वास. मग वाचलं की गूळ, ब्राऊन शुगर, मध यातलं काहीच द्यायचं नसतं, गुळातलं लोह त्यांना बाधतं आणि मधाला बुरशी फार लवकर धरते. आता त्याच सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात, "साखर मोजून घातलीस ना?"

मुंग्यांसाठी फीडरच्या वर पाण्याची छोटी वाटी अडकवायला मिळते ती घ्या.

*

ह्यूस्टन. इथे उन्हाळ्यात दोन दिवसांवर पाणी ठेवूच नका, काळे ठिपके दिसले की समजायचं बुरशी. गरम पाणी आणि बाटलीचा ब्रश, दर वेळी. कंटाळा येतो खरं सांगते, म्हणून मी फीडर अर्धाच भरते.

पण आमच्याकडे खरी जत्रा सप्टेंबरात. सगळे दक्षिणेला निघालेले असतात आणि वाटेत खाऊन खाऊन फुगतात, कारण पुढे बरेच जण मेक्सिकोचं आखात ओलांडतात, जवळजवळ ८०० किलोमीटर, मध्ये बसायला फांदी नाही. एरवी वजन जेमतेम ३ ग्रॅम, एका पेनीपेक्षा जरा जास्त! रॉकपोर्टला तर त्यांच्यासाठी दर सप्टेंबरात उत्सव भरतो, एकदा जाऊन या.

आणि भांडखोर किती!! एक नर समोरच्या क्रेप मर्टलवर बसून राहायचा, स्वतः पिणार नाही आणि दुसऱ्याला पिऊ देणार नाही, चाळीतल्या नळावरचा दादा अगदी. शेवटी दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला लावला, कोपऱ्यापलीकडचं त्याला दिसत नाही, तेव्हा कुठे बाकीच्यांच्या पोटात चार घोट गेले.

*

बे एरियात अ‍ॅनाज हमिंगबर्ड बाराही महिने, त्यामुळे वाट बघण्यातली मजा आम्हाला नाही, पण घरटं बघायला मिळालं. दिवाळीची दिव्यांची माळ पॅटिओवर तशीच राहिली होती (आळस, दुसरं काय), डिसेंबरात काढायला गेले तर वायरच्या वेटोळ्यावर अक्रोडाएवढी वाटी. आत दोन पांढरी अंडी, जेली बीनएवढी. माळ मार्चपर्यंत तिथेच.

बादली पालथी घालून रोज लांबून बघायचे. मादी एकटीच सगळं करते, नर फक्त आकाशातून सूर मारून शेपटीनं चिर्र आवाज काढतो आणि जातो, पुढचं त्याला काही नाही. घरटं कोळ्याच्या जाळ्यानं विणलेलं असतं म्हणून ताणतं, पिल्लं मोठी झाली तशी ती वाटी रुंद होत होत शेवटी बशी झाली. आई येऊन लांब चोच पिल्लाच्या घशात अशी खुपसायची की माझाच जीव घाबरा व्हायचा. पिल्लांना नुसती साखर पुरत नाही, चिलटं, बारीक कोळी लागतात. तेव्हापासून बागेत फवारणी बंद आणि जळमटंही काढत नाही, पाहुण्यांना काय वाटायचं ते वाटो.

*

आमच्या कोथरूडला जास्वंदीवर रोज हमिंगबर्ड येतो! जांभळा, चमकदार, वाकडी चोच. फोटो काढलाय.

*

कोथरूडकर, तो शिंजीर हो. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर कुठेच नसतो. शिंजीर शक्यतो फांदीवर बसून मध पितो, हा हवेत एका जागी उभा राहून पितो आणि उलटाही उडतो. पण शिंजीर काही कमी देखणा नाही, आणि जास्वंद आमच्याकडे थंडीत जगत नाही, तेव्हा हेवा आम्हीच करायचा.

*

सिएटल. इथेही अ‍ॅनाज थंडीत राहतात, रात्री अंग गार करून निपचित पडतात आणि उजाडताच भूक. एकदा फीडर गोठला होता, तो आत आणून वितळवला आणि पहाटे स्वेटरवर शाल गुंडाळून अडकवायला निघालो तर हूक सापडायच्या आधीच हा माझ्या हातातल्या फीडरवर येऊन प्यायला लागला. पंखांचा वारा बोटांना लागत होता. पाच मिनिटं तसाच उभा, चहा आत गार झाला.

*

धागा काढणारीच परत आले. कबुली: मी फीडर ४ जुलैच्या सुट्टीत लावला होता, आणि पाणी महिनाभर तेच 🙈

यंदा १८ एप्रिललाच लावला, साखर मोजून, शिवाय कुंडीत लाल सॅल्व्हिया. आज सकाळी भुर्रर्र आवाज आला, आधी भुंगाच वाटला. बघते तर डेकवर वाळत घातलेल्या माझ्या लाल ओढणीसमोर हवेत उभा! ओढणी इकडून बघितली, तिकडून बघितली, एक टोचा मारला आणि गेला. फीडरकडे ढुंकूनही बघितलं नाही. पाणी कालच बदललं होतं.

ओढणी अजून तिथेच आहे.