विहिरीतल्या दगडाच्या पोटात स्फटिक कुठून आले?

सिन्नरचा शेतकरी:
राम राम. आमच्या विहिरीचं काम चालू आहे. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. आठ परस (आठ पुरुष) खोलीवर सुरुंग उडवला तर एक दगड नारळासारखा दुभंगला. आत मुठीएवढी पोकळी, तिला हिरवट साल, आणि सालीवर फिकट गुलाबी स्फटिक, पंख्यासारखे उलगडलेले. मी "गारगोटी आहे" म्हणून मोकळा झालो. सातवीतली पोरगी म्हणते, "पप्पा, हा दगड लाव्हारसाचा. त्यात सगळं वितळतं, मग हे आत कसं टिकलं? नाव नका सांगू, कसं झालं ते सांगा." आता सांगा, काय सांगू?

यारीवाला:
दादा, मांजऱ्या लागला तुम्हाला, म्हणजे भोकाभोकांचा काळा पाषाण. असल्या गोट्या आम्ही पोत्यानं मलब्यात टाकल्यात. नंतर कळलं लोक विकत घेतात. मांजऱ्यात पाणी लागतं, खोदत राहा.

भूगोलाच्या बाई (निवृत्त):
पोरीला सांगा, ते टिकलं नाही, नंतर आलं.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला. तापमान हजार अंशांच्या वर. त्यातले वायू बुडबुडे होऊन वर यायला लागले, पण वरचा भाग आधी घट्ट झाला आणि बुडबुडे अडकले. अनारशाला जाळी पडते ना, तशी. थर निवाल्यावर भेगांतून कोमट-गरम पाणी झिरपत राहिलं. येताना त्यानं खडकातलाच सिलिका, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम विरघळवून आणला आणि पोकळीच्या भिंतीवर आतल्या बाजूनं थर चढवला. गिझरच्या कॉइलवर क्षार चढतात तसंच, फक्त फार सावकाश. आधी हिरवी साल, मग स्फटिक.

तुमचं वर्णन स्टिलबाइटचं वाटतं. हा झिओलाइट, गारगोटी नव्हे. 1756 मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानं असा खडा तापवला तर तो फसफसला, कारण स्फटिकाच्या जाळीत पाणी असतं. म्हणून ग्रीकमधून झिओलाइट, म्हणजे 'उकळणारा दगड', असं नाव दिलं. (पोरीला गॅसवर तापवू देऊ नका, तडकून डोळ्यात उडेल.) सुरीनं ओरखडा काढून बघा. उठला तर गारगोटी नाही. मग थोडी पूड करून लिंबू पिळा. बुडबुडे आले तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज.

यारीवाल्या भाऊंना एक: मांजऱ्या झिजलेला असेल तरच पाणी धरतो. भोकं अशी भरलेली असतील आणि खडक ताजा असेल तर कोरडाही निघतो.

सिन्नरचा शेतकरी:
केलं बाई. गुलाबीवर ओरखडा उठला, लिंबानं काही नाही. पण त्याच पोकळीच्या बुडाशी एक पिवळसर खडा होता, त्याची पूड फसफसली! घरातली चार लिंबं संपली, बायको वेगळीच फसफसतेय. एक राहिलं: मांजऱ्याखाली हातभर लाल, विटेसारखा थर लागलाय. तो काय?

भूगोलाच्या बाई (निवृत्त):
गेरू. एक थर निवून त्याची माती होईपर्यंत दुसरा लाव्हा आला नव्हता. मग आला आणि माती भाजली गेली. म्हणजे तुमच्या विहिरीत निदान दोन वेगवेगळे लाव्हा आहेत. पोरीसाठी त्या लाल रेषेपाशी पट्टी धरून फोटो काढा. पण तिला विहिरीत उतरवू नका.