अब्रिज्ड मधे 'ब्रिज' कुठून आला?

ओवी_वाचक
नमस्कार मंडळी, लेकीसाठी एक जुनी इंग्रजी कादंबरी मागवली, हातात आलं जेमतेम दीडशे पानांचं पुस्तक, मूळ कादंबरी चांगली सातआठशे पानांची आहे. नीट बघितलं तर कव्हरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात अब्रिज्ड लिहिलंय. संक्षिप्त हा अर्थ माहितीये, पण लेक विचारतेय की यात ब्रिज म्हणजे पूल कशाला, दोन टोकं जवळ आणतात म्हणून का? कल्पना छान आहे पण खरं काय ते कुणी सांगेल का? आणि अब्रिज्ड आणि समरी एकच का? तिला शाळेत या पुस्तकावर लिहायचंय म्हणून विचारते.

मूळशोध
ताई, पुलाशी काडीचा संबंध नाही. पूलवाला ब्रिज हा इंग्रजीचा घरचा शब्द, जर्मनमधला ब्र्युके त्याचाच भाऊबंद. अब्रिज आलाय लॅटिनमधून फ्रेंचमार्गे. लॅटिनमधे ब्रेव्हिस म्हणजे आखूड, त्यावरून अब्रेव्हिआरे म्हणजे आखूड करणे, त्याचं जुन्या फ्रेंचमधे अब्रेजिए झालं आणि तिथून तो इंग्रजीत शिरला. आता यात व्हचा ज कसा झाला, तर लॅटिनमधे व्ह च्या मागोमाग इ किंवा ए आणि पुढे अजून एक स्वर असं आलं की फ्रेंचपर्यंत येताना बऱ्याच शब्दांत तिथे ज ऐकू यायला लागतो. लॅटिन काव्हेआ, त्याचं झालं केज, म्हणजे पिंजरा. दिलुव्हिउम म्हणजे पूर, त्याचं डेल्यूज. तीच गत इथे. आणि स्पेलिंगमधला डी पुलामुळे नाही, आखूड स्वरानंतर शेवटी ज आला की इंग्रजीत डीजीई लिहायची पद्धतच आहे, जज, लॉज, बॅज बघा.

गंमत म्हणजे पुढे पंधराव्या शतकात विद्वान मंडळींनी तोच लॅटिन शब्द पुन्हा एकदा थेट उचलला, तो अब्रिव्हिएट. म्हणजे एकाच आईची दोन लेकरं, एक फ्रान्समधे वाढलं आणि एक पोथीतून आलं. ब्रीफ पण त्याच ब्रेव्हिसचा.

कोशवेडा
मूळशोधने सगळं सांगितलंच आहे, मी दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो. समरी आणि अब्रिज्ड एकच नाही. समरी म्हणजे सारांश, पुस्तकात काय आहे ते दुसरा कुणीतरी स्वतःच्या शब्दांत सांगतो. अब्रिज्ड मधे वाक्यं शक्यतो लेखकाचीच राहतात, संपादक फक्त कात्री चालवतो, उपकथानकं जातात, लांबलचक वर्णनं जातात. (मुलांच्या आवृत्त्यांत मात्र भाषाही सोपी करतात, ते आधी बघून घ्या.) सर्वात चांगलं उदाहरण सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी कोश. १७५५ ला दोन अवजड खंडांत निघाला, त्यात लाखभर अवतरणं होती, अमुक शब्द अमुक लेखकाने असा वापरलाय म्हणून. लगेच पुढच्या वर्षी छोट्या आकारातली अब्रिज्ड आवृत्ती आली, तिच्यात अर्थ ठेवले, लेखकांची नावं ठेवली आणि अवतरणं काढून टाकली. सामान्य माणसाच्या घरात गेली ती ही छोटी. आपल्याकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं असंच छोटं रूप बाबा पदमनजींनी केलं होतं.

लेकीला सांगा, शाळेत लिहिताना संक्षिप्त आवृत्ती वाचली असं सरळ लिही, त्यात कमीपणा काही नाही. पण लेखकाच्या शैलीबद्दल ठाम काही लिहू नको, कारण शैली बहुतेक त्या कापलेल्या पानांतच असते.

कोर्टकचेरी
या शब्दाचा कायद्यातला वापर कुणी काढलाच नाही म्हणून लिहितोय, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या राज्यघटनेत कलम १३(२) आहे, मूलभूत हक्क काढून घेणारा किंवा अब्रिज करणारा कायदा राज्याने करायचा नाही, केला तर जेवढा भाग हक्कांच्या आड येतो तेवढा रद्द. इथे अब्रिज म्हणजे सारांश वगैरे काही नाही, इथे तो जुना आखूड करणे हाच अर्थ आहे, मराठीत आपण हक्कांचा संकोच म्हणतो. आणि घटनेत दोन्ही क्रियापदं मुद्दाम वेगवेगळी आहेत. नुसतं काढून घेणे एवढंच लिहिलं असतं तर सरकार म्हणालं असतं आम्ही हक्क कुठे काढला, तो आहेच की, जरा कमी केला इतकंच. ती पळवाट या एका शब्दाने बंद होते. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत, १७९१ सालच्या, भाषणस्वातंत्र्यासाठी हाच शब्द आहे. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात संसदेला घटनादुरुस्ती करूनसुद्धा हक्क अब्रिज करता येतात का यावरच अकरा न्यायाधीश बसले आणि सहा विरुद्ध पाच असा निकाल लागला, की नाही करता येत. १९७३ ला केशवानंद भारतीत तो निकाल फिरला, दुरुस्ती करता येते पण घटनेच्या मूळ चौकटीला हात लावायचा नाही असं ठरलं.

ओवी_वाचक
बापरे, सगळ्यांचे खूप आभार. लेकीला केज आणि डेल्यूज फार आवडले, ती आता असे अजून शब्द शोधत बसलीये. कोर्टकचेरी दादा, एक विचारू, या जुन्या कादंबरीची अब्रिज्ड आवृत्ती आपण घरी मराठीत केली आणि छापली तर परवानगी लागते का?

कोर्टकचेरी
लेखक जाऊन ६० वर्षं होऊन गेली असतील तर भारतात त्या मूळ पुस्तकासाठी नाही लागत. त्याच्या आतलं असेल तर लागते, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संक्षेप करणं हे रूपांतरातच मोजलंय आणि तो हक्क मूळ लेखकाचा किंवा त्याच्या वारसांचा. फक्त एक करा, मूळ पुस्तकावरून करा, हातातल्या दीडशे पानांवरून नको, कारण त्या आवृत्तीवर ज्याने ती कापली त्याचा वेगळा हक्क असू शकतो.