मदत हवी आहे : ऐकू कमी येणाऱ्या आईसोबत घरी काय पाहावे?

नमस्कार.

गेले दीड वर्ष आम्ही घरातली चार माणसे रात्री नऊ ते साडेदहा एकत्र बसून काही ना काही पाहतो. रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरी केलेली, आता 79 वर्षांची माझी आई, यजमान, अकरावीतला मुलगा आणि मी. आईला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. डाव्या कानासाठी यंत्र घेतले आहे, पण ते बहुतेक वेळ डबीतच असते. इंग्रजी उपशीर्षके तिला वाचता येत नाहीत आणि मराठी चित्रपटाला मराठीतच उपशीर्षके देण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रुळलेली नाही. त्यामुळे "काय म्हणाला तो?" हा प्रश्न आमच्याकडे दर दोन मिनिटांनी येतो आणि उत्तर देईपर्यंत पुढची दोन वाक्ये निघून जातात.

सुरुवातीला माझा समज असा होता की वयस्कर माणसाला संथ किंवा "पुरस्कारवाले" चित्रपट आवडणार नाहीत, म्हणून मी हलकेफुलके तेवढेच निवडत असे. तो समज चुकीचा ठरला. आमच्या घरी कोणती गोष्ट जमली आणि कोणती फसली हे सविस्तर लिहिते, म्हणजे सुचवणाऱ्यांना अंदाज येईल.

सर्वांत चांगली जमली ती 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावरून केदार शिंदे यांनी केलेली ही मालिका अल्फा मराठीवर 2001 मध्ये सुरू झाली, तेव्हा मी ती अर्धवटच पाहिली होती. आठवड्याला एक भाग आणि त्या भागात एक पूर्ण गोष्ट, असा तिचा घाट असल्यामुळे आईला आदल्या दिवशीचे काही लक्षात ठेवावे लागत नाही. शिवाय तीन पिढ्या एका छपराखाली राहतात, तरी कोणी कोणाविरुद्ध कारस्थान रचत नाही, हे आजच्या दैनंदिन मालिका पाहिल्यावर फारच सुखावह वाटते. दैनंदिन मालिकांबद्दल मी अधिक लिहीत नाही. एकच सांगते, की एका वाक्यावर पाच जणांचे चेहरे आणि प्रत्येक चेहऱ्यावर ढोलताशाचा दणका, हा प्रकार यंत्र लावलेल्या कानाला अक्षरशः दुखतो.

दुसरे आश्चर्य 'सिंहासन'चे. जब्बार पटेलांचा 1979 चा हा कृष्णधवल चित्रपट मी यजमानांच्या आग्रहास्तव लावला, कारण अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन्ही कादंबऱ्या त्यांच्या आवडत्या आहेत. इतकी पात्रे, इतके दूरध्वनी, इतकी खलबते आईला झेपणार नाहीत असे मला वाटत होते. प्रत्यक्षात तिने त्या संध्याकाळी एकदाही "काय म्हणाला" असे विचारले नाही. अरुण सरनाईक, श्रीराम लागू, निळू फुले ही सारी रंगभूमीवर कसलेली मंडळी असल्यामुळे शब्दाचे शेवटचे अक्षरसुद्धा गिळले जात नाही, आणि माणसे बोलत असताना संगीत बाजूला उभे राहते. मुलाने मात्र शेवटी पत्रकार दिगू वेड्यासारखा का हसतो हे विचारले आणि त्यावर आई व यजमान यांची जी चर्चा झाली ती चित्रपटापेक्षा लांबली.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'वर घरात एकमत झाले नाही. यजमान झोपले. कॅमेरा लांब ठेवून माणसांना त्यांच्या वेगाने बोलू देण्याची ती रीत मला फार आवडली, पण कोर्टातले पुटपुटणे आईच्या हाती लागेना. तरीही गीतांजली कुलकर्णी यांनी रंगवलेली सरकारी वकील लोकलमधून घरी जाते, वाटेत सहप्रवासी बाईशी खाण्यापिण्याचे बोलते आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागते, तो भाग आईने डोळे न हलवता पाहिला. "हिच्यावर राग धरता येत नाही, हीच तर अडचण आहे," असे ती म्हणाली. चित्रपटाबद्दल मी वाचलेल्या कोणत्याही परीक्षणापेक्षा मला हे वाक्य नेमके वाटले. शेवटी बागेत डुलकी घेणारे न्यायाधीश एका लहान मुलाला चापट मारतात, तिथे संपवणे योग्य की ओढूनताणून, यावर मुलगा आणि मी अजून भांडतो.

'फँड्री'ला तर बोलणे फारसे लागलेच नाही. डुकराचा पाठलाग चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि चित्रपटातला शाळकरी मुलगा जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, त्या प्रसंगी आईसुद्धा जुन्या सवयीने खुर्चीतून उठू लागली. डुक्कर निसटल्यावर ती खाली बसली आणि शेवटच्या दगडापर्यंत काही बोलली नाही. नंतर, तिच्या वर्गात मागे बसणारी काही मुले तिला नावानिशी आठवली.

आता फसलेल्या गोष्टी. 'किल्ला' आपल्याच कोकणातला म्हणून मोठ्या हौसेने लावला, पण पाऊस, समुद्र आणि मुलांचे हळू बोलणे यांत निम्मे संवाद गेले. दृश्ये पाहून ती खूश होती, हे खरे. 'व्हेंटिलेटर'मध्ये अख्खे कामेरकर कुटुंब एकाच वेळी बोलते. आम्ही हसत होतो आणि ती आमच्या तोंडांकडे पाहत होती. त्या रात्री मला फार अपराधी वाटले.

'अस्तु' ही निव्वळ माझी चूक. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट उत्तमच आहे. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे विद्वान विस्मरणाच्या आजारात हत्तीमागे चालत जातात आणि अमृता सुभाष यांची कानडी बोलणारी माहुताची बायको त्यांना मुलासारखे सांभाळते. पण ज्या व्यक्तीला स्वतःचे चष्मे सापडेनासे झाल्याची धास्ती आहे, तिच्यासमोर हा विषय मी न सांगता मांडायला नको होता. अर्ध्यावर तिनेच "आता पुरे" म्हटले. पुढचा भाग मी एकटीने पाहिला.

यावरून माझे मत असे झाले आहे की आमच्या घरी वेग ही अडचण नाहीच, अडचण आवाजाची आणि गर्दीची आहे. म्हणून पुढील गोष्टींबाबत मार्गदर्शन हवे आहे. ज्यात उच्चार स्वच्छ आहेत, किंवा ज्यात बोलण्यावाचून बरेचसे कळते, असे मराठी चित्रपट कोणते? शेवट ठरलेला असून पन्नास-साठ भागांत आटोपणाऱ्या मराठी मालिका अधिकृतपणे कुठे पाहायला मिळतील? आणि संवाद पुढे येऊन संगीत मागे जाईल अशी काही सोय साध्या दूरचित्रवाणी संचावर करता येते का? आजारपण आणि वृद्धाश्रम हे विषय कृपया तूर्त नकोत.

प्रतिसाद १

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला तर पहिले दोन बरेच सोपे होतील. आजच्या पातळ संचांचे ध्वनिवर्धक लहान असतात आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. त्यात अनेक चित्रपटांचा आवाज 5.1 पद्धतीचा, म्हणजे सहा स्वतंत्र ध्वनिवाहिन्यांचा असतो. त्यात संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत ठेवलेले असतात. घरच्या दोन ध्वनिवर्धकांवर सगळ्या वाहिन्या एकत्र कोंबल्या की संवाद संगीताखाली दबतात. तेव्हा चित्रपट लावल्यावर आवाजाच्या पर्यायांत 'स्टिरिओ' (दोन वाहिन्यांचा आवाज) मिळत असेल तर तो निवडावा, संचाच्या सेटिंगमध्ये 'सराउंड' बंद करावे आणि संवाद ठळक करणारा पर्याय असल्यास तो सुरू करावा. मोठा आणि लहान आवाज यांतले अंतर कमी करणारा रात्रीचा मोडही पुष्कळ संचांत असतो. एवढ्याने भागले नाही, तर मधला स्वतंत्र ध्वनिवर्धक असलेला साउंडबार घ्यावा. आणि आईंना संचाच्या उजवीकडे बसवावे, म्हणजे चांगला कान संचाकडे राहील.

प्रतिसाद २

परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आपण अजून पाहिलेला दिसत नाही. सुमारे दीड तासाचा आहे, म्हणजे आपल्या वेळेत नेमका बसतो. दादासाहेब फाळके घरातले सामान विकतात, वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करतात, स्त्री-भूमिकेसाठी मिशा काढायला पुरुषांची मनधरणी करतात. हे सारे डोळ्यांना कळते आणि नंदू माधव यांचे उच्चार खणखणीत आहेत. मोकाशी यांचाच 2014 चा 'एलिझाबेथ एकादशी' नंतर पाहावा. पंढरपूर, यात्रा आणि विकली जाऊ नये म्हणून दोन भावंडे जपत असलेली सायकल आईंना आवडेल. मालिकांत 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' 2012 मध्येच संपली होती, पण भाग पन्नास-साठापेक्षा पुष्कळ अधिक आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल स्टिरिओ निवडून, सराउंड बंद करून आणि आईची खुर्ची उजवीकडे हलवून 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावला. दीड तासात "काय म्हणाला" तीनदाच आले, आणि त्यातले एकदा यजमानांकडून. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातले सामान जाताना पाहतात त्या ठिकाणी आई म्हणाली, "हिला कोणी पुरस्कार दिला का?" एकच अडचण उरली आहे. स्टिरिओचा पर्याय प्रत्येक चित्रपटाला नव्याने निवडावा लागतो आणि दुपारी आई एकटी असताना तिला ते जमत नाही. हा पर्याय संचातच कायमचा ठरवून ठेवता येतो का, हे कोणी सांगू शकेल का?