कॉन्टेसा १.८ की स्लाव्हिया १.५ टीएसआय?

म्हापशेकर: १९९४ची हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा १.८ विकाऊ आहे, मालक म्हणतो इंजिन टकाटक. डागडुजी धरली तर वर थोडे पैसे घालून वापरलेली स्कोडा स्लाव्हिया १.५ येते. रोज म्हापसा-पणजी, अधूनमधून चोर्ला घाटाने बेळगाव. काय घ्यावं?

घाटवळण: घाटात तुलनाच नाही. कॉन्टेसाचं इसुझू इंजिन १८१७ सीसी, ताकद ८८ पीएसच्या आसपास. स्लाव्हियाचं १४९८ सीसी टर्बो (टीएसआय म्हणतात ते हेच): १५० पीएस, ओढ (टॉर्क) २५० एनएम, तीही १६०० आरपीएमपासून, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच. कॉन्टेसाने ओव्हरटेक करायचा तर आधी खालचा गिअर टाकून वेग धरावा लागतो. त्यात ताकद मागच्या चाकांना, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅग नाही. पावसात ओल्या वळणावर पाय हलकाच ठेवायचा.

पत्राकाम: इंजिन होतं दुरुस्त, पत्रा बघा! आपल्या खाऱ्या हवेत जुनी गाडी खालून कुजते. मॅट उचलून फ्लोअर, दारांखालचे सिल (उंबऱ्याचे पत्रे), मागच्या चाकांच्या कमानी, डिकीत स्टेपनीखालचा खळगा तपासा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी भरलीय. कुजलेला सिल कापून नवा पत्रा वेल्डच करावा लागतो, मग आतल्या पोकळीत गंज रोखणारं कॅव्हिटी वॅक्स. गंजावर वरून नुसता अंडरकोट (गाडीच्या तळाचा काळा लेप) मारला तर ओल आत अडकते आणि गंज दुप्पट जोराने वाढतो.

दुसरं, ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं. टाकी ते कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घाला, पेट्रोल पंपाचा डायाफ्राम (रबरी पडदा) बदला. टाकीतला मळ सुटून येतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर लवकर बदला. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

पर्वरी सिग्नल: स्लाव्हियालाही दुखणं आहे. डीएसजीचे, म्हणजे तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे, क्लच कोरडे, तेलात न बुडलेले. पर्वरीच्या गर्दीत इंच-इंच सरकवली की तापतात, मग गाडी थरथरते. पुढे जागा होऊ द्या, मगच ब्रेक सोडा. चढावर ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. सहा गिअरची मॅन्युअल मिळाली तर तीच उचला.

म्हापशेकर: आणि कॉन्टेसाचे कागद? व्हिंटेजमध्ये घालता येईल?

घाटवळण: नाही, त्याला ५० वर्षं लागतात. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, फिटनेससकट. आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) पुढची तारीख बघूनच भाव करा. आणि तिला मसल कार (मोठ्या इंजिनाची दणकट अमेरिकी धाटणीची गाडी) म्हणतात ते रूपामुळे, बॉनेटखाली आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन नाही. रोजच्याला स्लाव्हिया. कॉन्टेसा घ्यायचीच तर दुसरी गाडी म्हणून, तीही सिल गंजाविना निघाले तरच.