मदत हवी आहे : ब्लोडाउन (टॉवरचं आटलेलं पाणी बाहेर सोडणं) पूर्वीइतकाच, तरी कंडेन्सरमध्ये क्षार का?

मंडळी, जरा अडकलोय. कूलिंग टॉवर कोळून प्यायलेलं कुणी असेल तर डोकं लावा.

मी प्लँटची युटिलिटी बघतो. दोन चिलर (पाणी गार करणारी यंत्रं), एक टॉवर, फिरणारं पाणी ताशी ५०० घनमीटर, गरम-थंड पाण्यात ६ अंशांचा फरक, चोवीस तास चालू. गेल्या तीन महिन्यांत दोन्ही चिलरचा कंडेन्सर अप्रोच (गॅस ज्या तापमानाला द्रव होतो ते आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान, यांतला फरक) २ अंशांवरून ४.५ वर गेलाय, कॉम्प्रेसरचे अँपिअर वाढलेत. परवा एका कंडेन्सरचं कव्हर उघडलं, तर ट्यूबांच्या आत अंड्याच्या टरफलाएवढा पांढरट थर. नखाने निघेना. स्क्रू ड्रायव्हरने खपली काढून तिच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला, तशी ती फसफसली. म्हणजे कार्बोनेट आहे, सिलिका नाही, एवढं तरी कळलं.

आकडे देतो. मेकअपचं (टॉवरमध्ये भरायला घेतो ते ताजं) पाणी : कंडक्टिव्हिटी ४५०, क्लोराइड ४०, कॅल्शियम हार्डनेस १२०. टॉवरचं पाणी : कंडक्टिव्हिटी १७५०, क्लोराइड २००, कॅल्शियम हार्डनेस ३८०, पीएच ८.८.

आता गंमत बघा. क्लोराइडवरून सीओसी (पाणी किती पट आटलं तो आकडा) काढला तर ५, कंडक्टिव्हिटीवरून ३.९, कॅल्शियमवरून ३.२. पाणी एकच आणि उत्तरं तीन! खरं कुठलं धरायचं?

ब्लोडाउनला हात लावलेला नाही. पाणी वाचवायचा हुकूम असल्याने तो आधीपासूनच पाळीला पाच मिनिटं उघडतो, तसाच आजही. क्षार बसू नयेत म्हणून घालतो त्या केमिकलचा डोसिंग पंपही त्याच स्ट्रोकवर आहे, म्हणजे डोस तेवढाच. केमिकलवाले म्हणतात डोस वाढवा. मला पटत नाही, पण नाही म्हणायला मुद्दाही सापडत नाही.

बाकी काही बदललेलं नाही. बेसिनचा फ्लोट व्हॉल्व्ह तेवढा बदलला. जुना नीट बसत नव्हता, ओव्हरफ्लोमधून सतत पाणी जायचं. त्यानंतर मेकअपचा मीटर ताशी ६.९ घनमीटरवरून ५.८ वर आला, म्हणजे दिवसाला २६ हजार लिटरची बचत. त्याबद्दल शाबासकीही मिळाली.

प्रतिसाद १
हायपो (जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराइट) घालता ना? त्यातून थोडा क्लोराइड वाढतो, म्हणून क्लोराइडचा आकडा फुगलेला असू शकतो. मॅग्नेशियमही तपासून बघा. ते कॅल्शियमसारखं लवकर बसत नाही.

धागाकर्ता
बघितलं. मेकअपमध्ये ५०, टॉवरमध्ये २४०. म्हणजे ४.८.

प्रतिसाद २
मग क्लोराइड खरं बोलतोय, मीटरही तेच सांगतोय. बाष्पीभवन काढा : ०.००१५३ गुणिले ५०० गुणिले ६, म्हणजे ताशी ४.६ घनमीटर. मेकअप ५.८, म्हणजे बाकी सगळ्या वाटांनी मिळून १.२ जातंय. ५.८ भागिले १.२, सीओसी ४.८. पाच पट आटलेल्या पाण्यात कॅल्शियम ६०० दिसायला हवं होतं, तुम्हाला ३८० दिसतंय. उरलेलं २२० तुम्ही परवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडत होतात. कंडक्टिव्हिटी कमी दिसते तीही त्यामुळेच, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट पाण्यातून निघून गेलेत.

आता हेच गणित जुन्या मीटरवर करा. ६.९ मधून ४.६ गेले, उरले २.३. सीओसी ३. तुमचा खरा ब्लोडाउन तो व्हॉल्व्ह नव्हताच दादा, तो ओव्हरफ्लो होता! इतकी वर्षं गळती टॉवर सांभाळत होती. तुम्ही ती बंद केलीत (बरोबरच केलंत), पण तिचं काम दुसऱ्या कुणाला दिलं नाहीत.

धागाकर्ता
अरे देवा. लॉगबुक काढून बघितलं. फ्लोट बदलायच्या आधी कंडक्टिव्हिटी १३५० च्या आसपास, बरोबर तिप्पट. अप्रोच चढायला लागला तो त्यानंतरच. मग केमिकलचा डोस वाढवू का?

प्रतिसाद २
अजिबात नको. स्ट्रोक तोच ठेवून बाहेर जाणारं पाणी निम्मं झालं, म्हणजे पाण्यातलं केमिकल आपोआप दुप्पट झालंय. फॉस्फोनेट असेल तर जास्त कॅल्शियममध्ये ते स्वतःच साका धरतं. सीओसी ३.५ वर आणा. त्यासाठी ताशी १.८ घनमीटर पाणी बाहेर जायला हवं, तेही सलग किंवा कंट्रोलरवर. पाळीत एकदा भसकन सोडलं की कंडक्टिव्हिटी झोके घेत बसते. मेकअप ६.४ वर जाईल, तरी जुन्यापेक्षा दिवसाला १२ हजार लिटर वाचतातच. मग केमिकलही त्या हिशोबाने कमी करा.

प्रतिसाद ३
५ वरच चालवायचं असेल तर मेकअप सॉफ्टनरमधून घ्या, नाहीतर सल्फ्युरिक ॲसिडने पीएच ८ च्या आसपास धरा. पण ॲसिड ऑटो डोसिंगशिवाय नको. हाताने ओतणाऱ्यांनी फिल (टॉवरच्या आतलं, पाणी पसरवणारं भरण) आणि पाइप खाल्लेले पाहिलेत. आणखी एक, पीएच ८.८ ला हायपो जवळजवळ लुळा पडतो. बेसिनच्या भिंतीला बोट लावून बघा, बुळबुळीत लागतंय का.

धागाकर्ता
लागतंय.

ट्यूब ब्रशिंगसाठी एक चिलर रविवारी बंद मिळतोय. ऑटो ब्लोडाउनचा कंट्रोलर पॅनेलमध्ये बायपास करून ठेवलेला सापडला, तो कंडक्टिव्हिटी १५७५ वर लावतोय. त्याचा प्रोब बाहेर काढला, तर त्याच्यावरही तोच पांढरा थर. साफ करून, कॅलिब्रेट करून मगच बसवतो. आता प्रश्न एवढाच, की २६ हजारांचे १२ हजार झाले हे वर कसं सांगायचं?

प्रतिसाद २
कंडेन्सरमधून काढलेली खपली आणि कॉम्प्रेसरच्या तीन महिन्यांच्या अँपिअरचा ग्राफ, दोन्ही शेजारी शेजारी टेबलावर ठेवा. पाण्याचा हिशोब त्यानंतर काढा.