ओढ आवडींमुळे वाटते की सहवासामुळे?

प्रश्न: एखाद्या व्यक्तीविषयी ओढ वाटते, ती आवडीनिवडी जुळल्यामुळे, की ती वारंवार दृष्टीस पडल्यामुळे?

उत्तर: केवळ दिसण्याचाही परिणाम होतो. मानसशास्त्रज्ञ मोरलँड आणि बीच यांच्या १९९२ च्या प्रयोगात चार तरुणी एका वर्गात अनुक्रमे ०, ५, १० आणि १५ वेळा, कोणाशीही न बोलता, बसून गेल्या. सत्राअखेर विद्यार्थ्यांना अधिक वेळा आलेली तरुणी अधिक आकर्षक वाटली. मला हे विलक्षण वाटते.

दुसरे उत्तर: मात्र पहिली भेटच अप्रिय ठरली असेल, तर सहवासाने नावड वाढूही शकते.

तिसरे उत्तर: २००८ च्या एका व्यापक आढाव्यानुसार, जुळलेल्या नात्यांत प्रत्यक्ष साम्यापेक्षा ‘आपण सारखे आहोत’ ही जाणीवच आकर्षणाशी अधिक निगडित असते. त्यामुळे छंदांची यादी जुळवण्यापेक्षा एखादा छंद एकत्र जोपासणे मला अधिक मोलाचे वाटते.